कराडला नंबर लागला? पिठलं-भाकरी घेऊन या!

शेजारच्या किंवा नात्यातल्या एखाद्या पोरीला पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही, असं कानावर आलं तर हातावर हात ठेवून बसू नका. अशा वेळी कसं वागायचं याचं एक शास्त्र आहे. गेल्या आठवड्यात आमच्या साताऱ्यातल्या घरी त्याची प्रात्यक्षिकं झाली. ती ताजी आहेत तोवर तुमच्या उपयोगी पडावीत म्हणून लिहितोय.

झालं असं की इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या असतात ना, त्या कॅपच्या तिसऱ्या राउंडला आमच्या लेकीला कराडच्या कॉलेजात मेकॅनिकल मिळालं. तिनं बेटरमेंटच्या, म्हणजे पुढच्या राउंडला आणखी वरचं काही मिळतंय का बघायच्या, भानगडीत न पडता जागा फ्रीझ, म्हणजे पक्की, करून टाकली. घरात आनंदीआनंद. तो साधारण तासभर टिकला. मग बेल वाजायला लागली.

तर, जाताना चप्पल आवाज न करता काढावी. आत गेल्यावर लगेच बोलू नये. पंख्याकडे बघावं, एक सुस्कारा सोडावा आणि मग खालच्या आवाजात विचारावं, "कसं झालं हो? शेवटपर्यंत काही अंदाजच आला नाही का?" पर्सेंटाइल विचारताना ताप किती होता असं विचारल्यासारखा चेहरा ठेवावा. आकडा कळला की जीभ टाळ्याला लावून 'च्च' करावं. आकडा कितीही असो. नव्याण्णव असला तरी 'च्च'च. "फिजिक्सनं घात केला" हे वाक्य तयार ठेवावं, फिजिक्सला तिचे सर्वांत जास्त मार्क असले तरी.

शाहूपुरीच्या काकी तर चक्क पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या. "म्हटलं, आज वहिनींचं स्वयंपाकात मन लागलं नसेल." ज्या घरात पिठलं-भाकरी न्यायची असते ते घर कोणतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. आमची ही दारात डबा हातात धरून नुसती उभी राहिली. लेकीनं मात्र तिथंच झाकण उघडलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "काकी, लसूण झकास पडलाय. अजून आहे का?" काकींना हे आवडलं नाही. दुःखात असलेल्या माणसानं दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नसतं.

मुलगी समोर बसलेली असली तरी तिच्याबद्दल 'ती' म्हणूनच बोलावं.

आपला मुलगा कुठल्या कॉलेजला आहे, हे कुणी विचारायची वाट बघत बसू नये.

पेढे घेऊन जाऊ नयेत. गैरसमज होतो.

उदाहरणं देणं ही मात्र खरी कला. यात आमचे पुण्याचे दाजी पारंगत. खंबाटकीचा ट्रॅफिक सोसून ते खास भेटायला आले. गूगलचे सुंदर पिचाई आयआयटी खरगपूरचे, हे त्यांनी चपला काढतानाच सांगितलं. मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला मणिपालला शिकले, आयआयटीला नाही, हे मात्र चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकावं, कुणी काढलंच तर "अपवाद असतात" म्हणावं. अपवाद मोजत बसू नये, वाढत जातात. आपल्या सांगलीचेच वसंतदादा बघा. शाळा जेमतेम सातवीपर्यंत, आणि १९८३ साली मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं ते त्यांनीच. त्या दारातून जी हजारो पोरं आत गेली त्यांत आमचे दाजीही होते. ऊस गेला की डोनेशनचा हप्ता जायचा. कॉलेजचं नाव त्या वेळी तालुक्याबाहेर कुणाला माहीत नव्हतं. आज दाजी हिंजवडीत मॅनेजर आहेत, बाणेरला तीन बेडरूमचा फ्लॅट आहे, आणि ते माझ्या सोफ्यावर बसून माझ्या पोरीला सांगतात, "बेटा, नाव नसेल तर आयुष्यात काही होत नाही." मी त्यांच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं. पाहुणा आहे.

एवढ्यावर थांबायचं नाही. "मी त्याच वेळी सांगितलं होतं" हे म्हणायलाच हवं. सांगितलं होतं, खरं आहे. आठवीतच सांगितलं होतं. फाउंडेशन लावा, इंटिग्रेटेड घ्या, अकरावी-बारावीला कॉलेजचं तोंड बघायची गरज नाही, नाव कॉलेजात आणि पोर क्लासात. लाखांत फी. रविवारी टेस्ट, सोमवारी रँक, मंगळवारी घरात वातावरण तंग. पोवई नाक्यावरचे फ्लेक्स तुम्हीही बघताच की, एकच पोरगा तीन क्लासच्या फ्लेक्सवर हसतोय. नक्की कुठं शिकला हे त्यालाच ठाऊक. आणि आपण सिग्नलला गाडी थांबवून तो फोटो मागं बसलेल्या आपल्या पोराला दाखवतो. बघ. बघ जरा. ते पोर बघतं, आणि मग कुठंच बघत नाही. राजस्थानात क्लासचं गाव म्हणून गाजलेल्या कोटा शहरात २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रशासनानं होस्टेलच्या पंख्यांना स्प्रिंग लावायला सांगितलं. पोरं लटकायला लागली म्हणून पंख्यांची दुरुस्ती. पोरांवरचा भार तसाच. हे वाचून आपल्यातल्या किती जणांनी क्लासची फी परत मागितली? आपण चौकशी केली ती होस्टेलच्या मेसची. जेवण बरं आहे ना, एवढंच.

उपरोधिक लिहायला बसलो होतो. असो.

दाजी गेले त्या रात्री मला झोप येईना, म्हणून नाव-नाव म्हणतात त्याचं खरं काय, हे शोधून वाचत बसलो. अमेरिकेत स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या दोघांनी २००२ साली एक अभ्यास छापला. सारख्याच कुवतीची मुलं, सारख्याच तोलाच्या कॉलेजांनी घेतलेली. त्यांतली काही मोठ्या नावाच्या कॉलेजात गेली, काही साध्या कॉलेजात. पुढं कमाई बघितली तर जवळपास सारखीच. म्हणजे कर्तबगारी पोराची आणि पाटी कॉलेजची. फरक पडला तो गरीब घरातल्या मुलांना. त्यांना मोठ्या कॉलेजचा खरंच फायदा झाला. पुढं २०२३ साली राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्याच अगदी वरच्या कॉलेजांचा हिशेब मांडला. सरासरी मिळकतीत फार फरक नाही, पण अतिश्रीमंतांच्या रांगेत आणि बड्या कंपन्यांच्या दारात पोचायची शक्यता चांगलीच वाढते. म्हणजे नावाला काहीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? मी स्वतः एमआयडीसीत मुलाखती घ्यायला बसतो. अर्जांचा गठ्ठा आला की पहिली चाळण कॉलेजच्या नावानंच लागते, कारण तेवढे सगळे वाचायला कुणाला वेळ नसतो. बड्या कंपन्या कॅम्पसला कुठं जातात आणि कुठं फिरकत नाहीत, हेही माहीत आहे. कराडच्या पोरीला पहिल्या नोकरीसाठी चार चपला जास्त झिजवाव्या लागतील. लागू देत. दुसऱ्या नोकरीला मात्र कुणी कॉलेज विचारत नाही, आधीच्या कंपनीत काय केलंस ते विचारतात. आणि मोठ्या कॉलेजचा असो नाहीतर माणदेशातला, पहिले सहा महिने दोघंही मोजमापाच्या व्हर्नियरचा झिरो एरर बघायला विसरतात.

पण त्या डेल-क्रूगरवर मी अडकलो. नावाचा उपयोग कुणाला? ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याला. ज्याचा मामा कंपनीत नाही, ज्याच्या बापाला फोन करायला कुणी साहेब नाही, त्याला. आपल्या साताऱ्याला हे अमेरिकेतून कळायला नको होतं. ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्याच शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. वर्गातली दारं जातीनं बंद होती, म्हणून कोलंबिया आणि लंडन त्यांना लागलं. आणि कोलंबियाची पदवी घेऊन १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आले, तर राहायला खोली मिळेना. ज्यांनी खोली नाकारली त्यांना विद्यापीठाचं नाव ऐकू आलं नाही, जात तेवढी ऐकू आली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते कुणासाठी? रँक आलेल्यांसाठी? पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ते काय फ्लेक्सवर फोटो यावा म्हणून?

ज्याला त्या नावाची खरी गरज आहे ते पोर दुष्काळी माण-खटावात एका खोलीत चौघांबरोबर अभ्यास करतंय, आणि लाखांचा क्लास लावून त्याच्या पुढं रांगेत उभे आहात तुम्ही. मीही होतो. आठवीत एका क्लासचा फॉर्म मीही आणला होता, तो लेकीनं परत करायला लावला.

आता सरळच बोलतो. तुम्हाला पोराचं करिअर नको आहे, तुम्हाला लग्नाच्या पंगतीत सांगायला एक नाव हवंय. दाजी, तुमच्या मुलाला मी दिवाळीत विचारलं होतं, कसं चाललंय. म्हणाला, "मामा, ब्रँच अजिबात आवडत नाही. पण नाव आहे ना." वीस वर्षांचं पोर खाली मान घालून चकली मोडत होतं, खात नव्हतं. हे तुम्हाला माहीत आहे का? विचारलंय कधी? इथं माझ्या पोरीला विचारायला खंबाटकी ओलांडून आलात, त्याला विचारायला बाणेरच्या घरातल्या घरात दोन खोल्या ओलांडता आल्या नाहीत?

आणि निघताना जिन्यात जे म्हणालात तेही मी ऐकलंय. "जाऊ दे, मुलगीच आहे, चालतंय." काय चालतंय? मेकॅनिकलच्या वर्गात पोरी किती असतात, मोजून या एकदा. तिनं ती ब्रँच स्वतः मागून घेतलीय. ती ऐकत होती, दाजी. ती काही बोलली नाही, तुमची कारची किल्ली सोफ्यावर राहिली होती ती तुम्हाला आणून दिली.

काकी, तुमचा डबा घासून ठेवलाय. रिकामा परत द्यायची पद्धत नाही आपल्यात, म्हणून आत कंदी पेढे घातलेत. कराडच्या ॲडमिशनचे आहेत. पाव किलो दाजींच्या नावानंही काढून ठेवलेत. पुण्याला कुणी जाणार असेल तर सांगा.