ओम्बुड्समनला लिहिलं म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही

मागच्या रविवारी वहिनींचा फोन आला. आवाज पडलेला होता. "भावजी, ट्रायब्युनलची मुदत गेली म्हणे. पण मी तर वेळेत तक्रार केली होती ना?" तक्रार वेळेतच केली होती, पण भलत्याच दारात. ते दार त्यांना दाखवलं आमच्या मराठी ग्रुपवर फिरणाऱ्या एका फॉरवर्डने. गेल्या दोन महिन्यांत तोच मजकूर मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. प्रत्येक वेळी मी वाचून सोडून दिला. तो सोडून द्यायला नको होता.

मजकूर थोडक्यात असा. यूकेमध्ये राहणाऱ्यांनी काउन्सिलशी, म्हणजे इथल्या नगरपालिकेशी, हुज्जत घालत बसू नये, थेट ओम्बुड्समनला, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याला, ईमेल करावा. पार्किंगचा दंड, काउन्सिल टॅक्स, मुलाची शाळा, शेजाऱ्याचं बांधकाम, काहीही चालतं. ईमेल पोचला की काउन्सिलची पुढची सगळी कारवाई थांबते. तीस दिवसांत निकाल लागतो, तो काउन्सिलवर बंधनकारक असतो. काउन्सिलला दंड होतो आणि त्यातले हजारो पौंड तक्रारदाराला मिळतात. सगळ्यात शेवटी एक ओळ आहे: व्हिसावर असाल तर या भानगडीत पडू नका, होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला, कळवतात.

"कारवाई थांबते" या दोन शब्दांपासूनच सुरुवात करतो, कारण आमच्या घरात नुकसान त्यांनी केलं.

माझा पुतण्या सात वर्षांचा आहे. बोलायला उशिरा लागला, वर्गात गोंगाट झाला की कान झाकून बसतो. त्याला शाळेत कोणती मदत मिळायला हवी, हे लिहून देणारा ईएचसी प्लॅन काउन्सिलने तयार करायचा असतो. मागणी केल्यापासून २० आठवड्यांत अंतिम प्लॅन हातात यायला हवा, असा नियम आहे. आमच्याकडे त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ गेला. शेवटी प्लॅन आला, तर त्यात स्पीच थेरपी नावापुरती आणि शाळाही आई-बापाने मागितलेली नाही. अशा वेळी प्लॅनमधल्या मजकुराविरुद्ध अपील करायचं असतं सेंड ट्रायब्युनलकडे, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे. मुदत असते निर्णयाच्या पत्रापासून दोन महिने, किंवा मध्यस्थीचं प्रमाणपत्र मिळाल्यापासून एक महिना, यातली जी नंतर संपेल ती. हे सगळं काउन्सिलच्या पत्रात शेवटच्या पानावर छापलेलं होतं. वहिनींनी ते पान वाचलंही होतं. पण ग्रुपवर आलं होतं की ओम्बुड्समनला लिहिलं की सगळं थांबतं. म्हणून त्यांनी रात्र जागून ओम्बुड्समनला चार पानी ईमेल लिहिला आणि उत्तराची वाट बघत बसल्या. उत्तर आलं, सभ्य भाषेत आलं: प्लॅनमध्ये काय असावं हे आम्ही ठरवू शकत नाही, त्यासाठी ट्रायब्युनल आहे. तोवर दोन महिने उलटून गेले होते.

ओम्बुड्समनचं यात काहीही चुकलेलं नाही. इंग्लंडमधला लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समन ज्या कायद्याने निर्माण झाला, तो १९७४ चा लोकल गव्हर्नमेंट ॲक्ट. त्याचं कलम २६ म्हणतं की ज्या बाबतीत ट्रायब्युनलकडे, मंत्र्याकडे किंवा कोर्टात दाद मागायची सोय आहे, तिथे ओम्बुड्समनने एरवी चौकशी करायची नाही. तक्रारदाराने तो मार्ग धरावा अशी अपेक्षा ठेवणंच वाजवी नसेल, तर अपवाद करता येतो. पण तो अपवाद ओम्बुड्समन ठरवतो, फॉरवर्ड लिहिणारा नाही. आणि ओम्बुड्समनला लिहिल्याने दुसऱ्या ठिकाणची मुदत थांबते, असं त्या कायद्यात कुठेही नाही. एकही कलम नाही, एकही ओळ नाही.

आता याच हिशेबाने फॉरवर्डमधली बाकीची यादी बघा. पार्किंगच्या दंडाविरुद्ध आधी काउन्सिलकडे हरकत, मग लंडनमध्ये असाल तर लंडन ट्रायब्युनल्स आणि बाहेर असाल तर ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल. १४ दिवसांत भरला तर दंड निम्मा असतो. ओम्बुड्समनच्या उत्तराची वाट बघत बसाल तर ती सवलत जाते, मग हरकतीची मुदत जाते आणि शेवटी मूळ दंड दीडपट होतो. काउन्सिल टॅक्स तुम्हाला लागू आहे की नाही हा वाद व्हॅल्युएशन ट्रायब्युनलचा. टॅक्स भरायचा थांबवून ईमेलच्या भरवशावर राहिलात तर काउन्सिल मॅजिस्ट्रेटकडून वसुलीचा आदेश घेऊन येते. तुमच्या स्वतःच्या बांधकामाला परवानगी नाकारली तर अपील प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे. फॉरवर्डने ज्या गोष्टी "चालतात" म्हणून सांगितल्या, त्यातल्या बहुतेक ठिकाणी मुदतीचा काटा सुरू असतो, आणि नेमकं तिथेच हा मजकूर माणसाला निवांत बसायला सांगतो.

आपल्या लोकांचा यावर पटकन विश्वास का बसतो, तेही मला कळतं. ओम्बुड्समनला आपण मराठीत लोकपाल म्हणतो, आणि लोकपाल म्हटलं की डोळ्यांसमोर २०११ सालचं रामलीला मैदान आणि उपोषणाला बसलेले अण्णा हजारे येतात. लोकपाल म्हणजे भ्रष्ट माणसाला पकडून तुरुंगात पाठवणारा कुणीतरी बडा अधिकारी, हे आपल्या मनात पक्कं बसलंय. शब्द एक असला तरी हे काम निराळं आहे. इथला ओम्बुड्समन कुणाला पकडत नाही, कुणाला नोकरीवरून काढत नाही, लाचेचा तपास करत नाही. तो बघतो एवढंच की काउन्सिलने काम करताना हलगर्जी केली का, उशीर लावला का, स्वतःचेच नियम धाब्यावर बसवले का, आणि त्यामुळे तुमचं काही नुकसान झालं का. नियमाप्रमाणे घेतलेला निर्णय तुम्हाला पटला नाही, एवढ्यावर ओम्बुड्समन तो निर्णय फिरवू शकत नाही. कलम ३४ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय.

"थेट जा" हेही चूक. त्याच कायद्याप्रमाणे आधी काउन्सिलला तक्रार कळवून उत्तर द्यायची वाजवी संधी द्यावी लागते. काउन्सिलची तक्रारीची पद्धत असते, बहुतेक ठिकाणी दोन टप्प्यांची. ते टप्पे पुरे करा, शेवटचं उत्तर हातात घ्या, मग जा. मात्र फार रेंगाळूही नका, कारण घडलेली गोष्ट कळल्यापासून १२ महिन्यांत ओम्बुड्समनकडे पोचायला हवं. तीस दिवसांत निकालाची गोष्ट कुणी कुठून आणली कोण जाणे, कायद्यात तशी मुदत नाही. आणि "यूकेमधल्या सगळ्या काउन्सिल" हेही नाही. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचे ओम्बुड्समन वेगळे. इंग्लंडमध्येही गावपातळीच्या पॅरिश काउन्सिल साधारणपणे यात येत नाहीत. काउन्सिलच्या घरात भाड्याने राहत असाल आणि गळकं छत दुरुस्त होत नसेल, तर ते हाउसिंग ओम्बुड्समनकडे.

पैशांचं ऐका. काउन्सिलला दंड करायचा अधिकार ओम्बुड्समनला नाही. झालेलं नुकसान भरून निघावं म्हणून तो उपाय सुचवतो: माफी मागा, राहिलेलं काम करा, निर्णय पुन्हा नीट घ्या, काही वेळा पैसे द्या. मनस्तापाबद्दल सुचवली जाणारी रक्कम साधारण ५०० पौंडांच्या आत असते. मुलाचं शिक्षण बुडालं असेल तर त्यांच्या मार्गदर्शिकेत एका टर्मला ९०० ते २,४०० पौंड असा अंदाज दिलाय. म्हणजे हजारोंचा आकडा अगदीच हवेतला नाही, पण तो मुलाच्या बुडालेल्या महिन्यांचा आहे. कुणी बक्षीस म्हणून देत नाही.

निकाल बंधनकारक असतो, या दाव्यात मात्र अर्धं तथ्य आहे, ते मला मान्य करावं लागतं. कायद्याने तो बंधनकारक नाही. ओम्बुड्समन शिफारस करतो. पण काउन्सिल त्या शिफारशी जवळजवळ नेहमी पाळतात. वर्षामागून वर्ष ९९ टक्क्यांहून जास्त प्रकरणांत पाळल्या गेल्या आहेत. कागदपत्रं आणि साक्षीदार मागवायचे त्याचे अधिकार हायकोर्टासारखे आहेत, त्यामुळे काउन्सिलला फाइल दडवता येत नाही. गंभीर प्रकरणात तो जाहीर अहवाल काढतो, तेव्हा काउन्सिलला स्वतःच वर्तमानपत्रांत त्याची नोटीस द्यावी लागते, तीन महिन्यांत अहवालावर विचार करून आपण काय करणार ते कळवावं लागतं. तरी ऐकलं नाही तर दुसरा अहवाल निघतो, आणि त्यानंतर नकाराचं निवेदन काउन्सिलच्याच खर्चाने छापायला लावता येतं. निवडून आलेल्या माणसांना आपल्याच वॉर्डातल्या लोकांसमोर हे छापून आलेलं परवडत नाही. ओम्बुड्समनची खरी ताकद ही आहे, आणि ती लहान नाही. २०२३-२४ मध्ये त्याने सविस्तर चौकशी केलेल्या दर दहा तक्रारींपैकी आठांत काउन्सिलची चूक निघाली. म्हणून तर मला या फॉरवर्डचा जास्त राग येतो. इतकी कामाची, फुकट, वकिलाशिवाय वापरता येणारी सोय, आणि तिच्याबद्दल खोटं सांगून लोकांना आधी भलती आशा लावायची आणि मग कायमचं निराश करायचं.

व्हिसाची ओळ तर सरळ भीती घालणारी आहे. ज्याच्यावर अन्याय झाला असा जनतेतला कुणीही माणूस तक्रार करू शकतो. नागरिकत्वाची अट नाही. चौकशी खाजगीत होते, आणि निर्णय प्रसिद्ध होतात त्यात तक्रारदाराचं नाव नसतं. मागच्या वर्षी नुकत्याच भारतातून आलेल्या एका ताईने याच भीतीपोटी मुलीच्या शाळेच्या बसबद्दल तोंड उघडलं नाही आणि अख्खा हिवाळा रोज दोन बस बदलून मुलीला नेलं. तिला तेव्हा एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं.

वहिनींचं प्रकरण अजून हातचं गेलेलं नाही. उशीर का झाला ते लिहून अपील दाखल करून घ्या, अशी विनंती ट्रायब्युनलला केली आहे. ती मान्य करायची की नाही, हे त्यांच्या हातात आहे. नाहीच झालं तर प्लॅनच्या वार्षिक आढाव्यानंतर काउन्सिल जो निर्णय देईल, त्यावर अपिलाचा हक्क पुन्हा मिळतो. पण २० आठवड्यांच्या जागी लागलेला दुप्पट वेळ, आणि प्लॅनमध्ये लिहूनही सुरू न झालेली थेरपी, या दोन गोष्टी खरोखर ओम्बुड्समनच्या आहेत. त्यांची तक्रार काल रात्री आम्ही दोघांनी बसून लिहिली, तारखा घातल्या, पत्रांच्या प्रती जोडल्या आणि काउन्सिलच्या पहिल्या टप्प्याला पाठवली. उत्तर कधीपर्यंत यायला हवं ती तारीख वहिनींनी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलीय.