आमच्या पूटीनबद्दल तुम्ही केलेल्या तक्रारींना उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय शनिवारी रात्री दुकान आवरताना वाचला, बायकोलाही वाचून दाखवला. काही गोष्टी तपासून मगच लिहायचं होतं, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. लाँग वीकेंडला तुम्ही मॉन्ट्रिअलपासून मिसिसागापर्यंत पाच ठिकाणची पूटीन (फ्राइजवर चीजचे दाणे आणि गरम ग्रेव्ही घातलेला, कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातला पदार्थ) खाल्लीत, शेवटी आमच्याकडे आलात आणि एक स्टार दिलात. चीज वितळलं नव्हतं, दाताखाली रबरासारखं करकरत होतं. घरी नेईपर्यंत फ्राइजचा लगदा झाला. बटर चिकन पूटीनचा रस्सा आंबट होता. मॉन्ट्रिअलला तीस प्रकार मिळतात, इथे सहाच. आणि तुमच्या शाकाहारी आईंनी चार घास खाल्ल्यावर कळलं की ग्रेव्ही बीफ स्टॉकची, म्हणजे मांस-हाडं उकळून काढलेल्या पाण्याची, आहे.

आधी काकूंबद्दल. ती चूक सर्वस्वी आमची आहे आणि मी त्यांची मनापासून माफी मागतो. माझी आई माळकरी आहे. त्या चार घासांनी काकूंना काय वाटलं असेल, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्या बोर्डवर ‘क्लासिक: फ्राइज, चीज कर्ड, ग्रेव्ही’ एवढंच लिहिलेलं होतं. आपल्या माणसाला ग्रेव्ही म्हटलं की कांदा-टोमॅटोचं वाटण आठवतं. इथे ग्रेव्ही म्हणजे बीफ किंवा चिकनचा स्टॉक, लोण्यात भाजलेल्या मैद्याने दाट केलेला. तुम्ही काउंटरवर विचारलंत, तेव्हा ‘यात मीट नाही’ असं उत्तर मिळालं. त्या मुलाने तुकडे नाहीत एवढ्याच अर्थाने ते सांगितलं. त्याला नीट शिकवणं माझं काम होतं, ते राहिलं.

सोमवारी बोर्ड बदलला. क्लासिकपुढे आता ‘बीफ आणि चिकन स्टॉक’ असं ठळक लिहिलंय. मशरूम आणि भाजलेल्या कांद्याची ग्रेव्ही आमच्याकडे आधीपासून होती, पण मागितली तरच मिळायची. ती आता बोर्डवर वेगळी दिसेल. फ्रायरचाही प्रश्न होता. चिकनचे तुकडे आणि बटाटे एकाच तेलात तळले जायचे. आता एक फ्रायर फक्त बटाट्यांसाठी ठेवलाय. चीजसाठी दूध गोठवायला जे रेनेट वापरतात, त्याबद्दल डेअरीला फोन करून विचारलं, ते मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं आहे, वासराच्या जठरातलं नाही. तुम्ही हे विचारलं नव्हतं, पण काकूंना सांगता यावं म्हणून विचारून घेतलं.

चीजबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला मान्य नाही. लग्नाआधी चार वर्षं मी क्यूबेकमध्ये एका कास-क्रूतमध्ये काम केलं. रस्त्याकडेच्या छोट्या खाणावळीला तिकडे असं म्हणतात. तिथल्या मालकीणबाई रोज सकाळी कर्डचा एक दाणा तोंडात टाकून डोळे मिटून चावायच्या. करकर ऐकू आली तरच ती पिशवी पूटीनला, नाहीतर सँडविचला. कर्ड म्हणजे दाबून वडी करायच्या आधीचं कोवळं चेडर. ताजेपणी त्यातल्या प्रथिनांची जाळी घट्ट असते आणि ती दातांवर घासली की आवाज होतो. एक-दोन दिवसांत जाळी सैल पडते, आवाज जातो. म्हणून क्यूबेकमध्ये ताजं कर्ड 24 तास फ्रिजबाहेर ठेवून विकायलाही परवानगी आहे. पूटीनमध्ये कर्ड कडेने मऊ व्हावं, आत घट्ट राहावं. तार सुटेपर्यंत वितळलं तर ते पिझ्झासारखं लागेल. किसलेलं मोझरेला आम्हाला स्वस्त पडेल, वितळेलही झकास, पण मी ते घालणार नाही. तुम्हाला जे रबरासारखं लागलं, त्यासाठीच डेअरीची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येते, आणि तुम्ही आलात तो शुक्रवारच होता.

फ्राइजच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. आम्ही दोनदा तळतो, आधी मंद तेलात बटाटा शिजेपर्यंत, मग कडक तेलात रंग येईपर्यंत. एवढं करूनही गरम ग्रेव्ही ओतून डबा बंद केला की वाफेने वीस मिनिटांत सगळं नरम पडतं. तुमचं घर अर्ध्या तासावर आहे हे तुम्ही सांगितलं होतं, तरी आम्ही एकाच डब्यात भरून दिलं. आता पार्सलमध्ये ग्रेव्ही झाकणाच्या वाटीत वेगळी जाईल, फ्राइजचा डबा भोकांचा असेल. ग्रेव्ही पातेल्यात उकळी येईपर्यंत तापवा आणि खायला बसतानाच ओता. क्यूबेकमधल्या वॉरविक गावच्या फेर्नां लाशांस यांच्या खाणावळीत 1957 मध्ये एका गिऱ्हाइकाने फ्राइज आणि कर्ड एकाच पिशवीत मागितले, तिथून पूटीन सुरू झालं असं सांगतात. फ्राइज गरम राहावेत म्हणून ग्रेव्ही नंतर आली. तिथल्याच ड्रमंडव्हिलचे लोक हा मान आपल्या ‘ल रॉय ज्युसेप’ या रेस्टॉरंटला देतात. वाद काहीही असो, दोन्हीकडे ते तिथल्या तिथे गरम खायचं होतं.

प्रकारांबद्दल. मॉन्ट्रिअलच्या ‘ला बांकीझ’मध्ये तीसच्या आसपास प्रकार आहेत, मीही तिथे रांगेत उभा राहून खाल्लंय. तुम्ही चेनमध्ये बेकनचं, पुल्ड पोर्कचंही खाल्लंत. इतक्या ठिकाणी फिरून खाणारं गिऱ्हाईक मला आवडतं. पण आमचं स्वयंपाकघर दहा बाय बाराचं आहे. जे रोज ताजं करता येतं तेच ठेवतो: क्लासिक, मशरूम, बटर चिकन, स्मोक्ड मीट, गाल्व्होद आणि इतालियेन. गाल्व्होदमध्ये ग्रेव्हीवर चिकन आणि मटार येतात. इतालियेनमध्ये ग्रेव्ही नसतेच, तिच्या जागी टोमॅटो आणि खिम्याचा सॉस.

बटर चिकनचा आंबटपणा मुद्दाम ठेवलाय. तळलेला बटाटा, वर चीज, त्यावर लोणी आणि क्रीमचा गोड रस्सा, असं पहिल्या महिन्यात करून पाहिलं होतं. तिसऱ्या घासाला नको व्हायचं, निम्मी गिऱ्हाइकं अर्धं टाकून जायची. म्हणून क्रीम निम्मं केलं, टोमॅटो वाढवला, कसुरी मेथी शेवटी चुरडून घालतो. नानबरोबर खायच्या बटर चिकनसारखं ते लागणार नाही. हे आधी सांगितलं असतं तर तुमची निराशा झाली नसती, म्हणून तेही आता बोर्डवर लिहिलंय.

तुमच्या बिलाचे 41 डॉलर आज सकाळी कार्डावर परत केले आहेत. पुन्हा यायचं मनात आलं तर मंगळवारी किंवा शुक्रवारी दुपारी एकनंतर या, त्या वेळी कर्ड नुकतंच आलेलं असतं. काकू बरोबर असतील तर काउंटरवर मला हाक मारा. त्यांचं मशरूमचं पूटीन मी स्वतः करून देईन, आणि त्यांना हवं असेल तर आत येऊन ते होताना पाहता येईल.