आपल्याला जाताना पाहून वाईट वाटते

माझ्या भल्याची चिंता वाहणाऱ्यांची मला कधीच कमतरता भासली नाही. सकाळी मेलबॉक्स उघडावा, तर कुणाला माझ्या विरळ होत चाललेल्या केसांची काळजी लागलेली असते, कुणाला कंबरेच्या घेराची. एकजण माझं कर्ज मंजूर करून बसलेला असतो. मी ते मागितलेलंच नाही, ही बाब त्याच्या लेखी किरकोळ. सख्खी माणसं वाढदिवस विसरतात. पण कधीकाळी ज्यांच्याकडून एक छत्री मागवली, ते लोक बाराच्या ठोक्याला शुभेच्छा देतात आणि सोबत 'फक्त तुमच्यासाठी' आणखी छत्र्यांवर सूट. एका माणसाला किती छत्र्या लागतात, याबाबत त्यांचा अंदाज फारच उदार आहे.

यातल्या सराईत भामट्यांबद्दल माझी तशी तक्रार नाही. कुण्या दिवंगत सेनाधिकाऱ्याची पत्नी, तिची बँकेत अडकलेली अफाट संपत्ती, आणि ती सोडवायला साऱ्या पृथ्वीतलावर तिला सापडलेला एकमेव विश्वासू गृहस्थ म्हणजे मी. हा धंदा ईमेलच्याही आधीचा. एकोणिसाव्या शतकात हीच कथा टपालाने यायची, फक्त विधवेच्या जागी स्पेनच्या तुरुंगात खितपत पडलेला श्रीमंत कैदी असे. अशा पत्रांतल्या चुका काढून मी बराच काळ स्वतःवर खूश होतो. मग वाचनात आलं, की मायक्रोसॉफ्टमधल्या कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने २०१२ मध्ये वेगळंच गणित मांडलंय. लाखो मेल पाठवायला जवळपास काहीच खर्च पडत नाही. खरी मेहनत पुढे, उत्तर देणाऱ्याला घोळात घेताना. म्हणून कथा मुद्दामच अचाट ठेवायची. शहाण्यासुरत्याने पहिल्या ओळीलाच हसून निघून जावं, निव्वळ भोळा तेवढा मागे उरावा. म्हणजे मी त्यांना पकडत नव्हतो, तेच मला दारातून वाटेला लावत होते.

खरा ताप आहे तो सभ्य, नोंदणीकृत, कायद्याला धरून चालणाऱ्या मंडळींचा. भामटा निदान रुसत नाही. ही मंडळी रुसतात.

छत्रीवाल्यांचंच घ्या. मेलच्या पार तळाशी, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत 'अनसबस्क्राइब' लिहिलेलं होतं. ते दाबल्यावर एक नवं पान उघडलं. वर मुसमुसणारी छत्री, खाली मजकूर: 'आपल्याला जाताना पाहून वाईट वाटते.' त्याखाली 'मी थांबतो' हे बटण ठसठशीत, निळं. आणि 'तरीही जायचं आहे' हे बटण आहे असा संशयही येऊ नये अशा बेताने छापलेलं. ते शोधून दाबलं तर यादी आली. साप्ताहिक वार्तापत्र, खास सवलती, सहयोगी कंपन्यांच्या ऑफर, आपण पाहिलेल्या पण न घेतलेल्या वस्तूंची आठवण. प्रत्येकापुढे चौकोन, प्रत्येकात आधीच टिक. टिक काढली की मेल बंद होणार, की ठेवली की बंद होणार, हे समजावणारं वाक्य असं: 'जे मेल न मिळण्यास आपली हरकत नसेल ते निवडलेले नसल्याची खात्री करा.' मी ते मोठ्याने वाचून पाहिलं. बायको आतून म्हणाली, "कुणाशी भांडताय?"

पुढे कारण विचारलं. मी 'इतर' निवडून मन मोकळं करायला घेतलं, तर रागाच्या ऐन भरात अक्षरमर्यादा संपली. शेवटी कळवण्यात आलं, की विनंती पोचली, अंमलबजावणीला दहा दिवस लागू शकतात. नाव यादीत घालताना डोळ्याचं पातं लवायच्या आत घातलं होतं. आता काढायला दहा दिवस! अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने तर कामकाजाचे १० दिवस लेखीच देऊन ठेवलेत, मग घाई कोण करतो? त्या दहा दिवसांत छत्र्यांचे मेल दुपटीने आले. अकराव्या दिवशी, मला यादीतून वगळल्याचा मेल आला.

बरं, आपण मेल नुसता उघडून बंद केला तरी सुटका नाही. बऱ्याच मेलांत ठिपक्याएवढं अदृश्य चित्र दडवलेलं असतं. मेल उघडला की ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि तिकडे नोंद होते, गृहस्थांनी वाचलं. मग दुपारी 'अजून विचार करताय?'

या साऱ्याचं मूळसुद्धा सभ्य माणसाकडेच जातं. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क या मार्केटिंगवाल्याने आर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांची एकगठ्ठा जाहिरात पाठवली. लोक भडकले, त्याला समजही मिळाली. पण संगणक खपले, असं तो पुढे सांगत असे. गोम तिथेच आहे.

२००४ मध्ये दावोसला बिल गेट्स म्हणाले होते, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न मिटलेला असेल. मिटला नाही, त्याला वेगळी खोली मिळाली एवढंच. फिल्टर पुष्कळ शहाणे झाले हे खरं, पण ते अतिशहाणेही झालेत. दातांच्या डॉक्टरांची वेळ स्पॅममध्ये आणि दात पांढरे करणारी पावडर इनबॉक्समध्ये, ही वाटणी कुठल्या न्यायाने होते? शिवाय तीस दिवसांनी तो सगळा ढीग आपोआप पुसला जातो. तेव्हा माझं काही कामाचं त्यात गेलं असेल का, या धास्तीने मी रोज रात्री स्पॅमचा फोल्डर वरपासून खालपर्यंत वाचतो. नातेवाइकांची पत्रं मी इतक्या मन लावून वाचत नाही.

मध्यंतरी तर मला माझाच मेल आला. पाठवणारा मी, मिळणारा मी. 'मी तुमचा कॅमेरा हॅक केला आहे, बिटकॉइनमध्ये रक्कम भरा.' पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहावं, तशीच सोय ईमेलमध्येही पहिल्यापासून आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी तो शांतपणे स्पॅम म्हणून कळवला.

गेल्या आठवड्यात विम्याचा कागद छापायचा होता, म्हणून ऑफिसातून स्वतःच्याच पत्त्यावरून स्वतःला पाठवला. घरी येऊन इनबॉक्समध्ये शोधला, नव्हता. स्पॅममध्ये सापडला, आणि त्याच्या डोक्यावर लाल पट्टीत इशारा: 'सावधान, ही व्यक्ती विश्वासार्ह वाटत नाही.' बायकोने तो वाचला आणि म्हणाली, "यांचं फिल्टर चांगलं आहे हो."