‘साधी तारीख लावता येत नाही’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमच्या नाटकांच्या वेबसाइटबद्दल तुम्ही टाकलेला रिव्ह्यू वाचला. ऐन हंगामात तुम्हाला लोकांची बोलणी ऐकावी लागली, याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं आहे: "नाटकांच्या तारखा उलटसुलट. मार्चचा प्रयोग सगळ्यात वर, परवाचा तिसऱ्या पानावर, काही तर गायबच. सात हजार घेतले आणि साधी तारीख लावता येत नाही. फोनही उचलत नाहीत." पैशाचं आणि फोनचं खाली सांगतो. पण "साधी तारीख लावता येत नाही" हे वाक्य मनाला लागलं. वडस्यात (गडचिरोली जिल्हा) कॉम्प्युटरच्या दुकानात बसून मी दिवसभर तारखाच तर लावतो. पीक विम्याची शेवटची तारीख, परीक्षेच्या फॉर्मची तारीख, लग्नपत्रिकेवरची तारीख. लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात म्हणून दुकान चालतं.

हे उत्तर बाकीचे लोकही वाचतील, म्हणून काम काय होतं ते सांगतो. भाऊंचं नाटकांचं बुकिंग ऑफिस आहे. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) सुरू होते, तिथून थेट होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं होतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या कोणत्या गावात कोणत्या रात्री कोणत्या मंडळाचा प्रयोग आहे, हे एका जागी दिसावं, ही भाऊंची इच्छा. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून भाऊ म्हणत होते की आता नागपूर-पुण्याच्या माणसालाही आपल्या तारखा सापडल्या पाहिजेत. मला ते काम मनापासून आवडलं होतं. महिन्याचा खर्च नको म्हणून साइट ब्लॉगरवर, म्हणजे गूगलच्या फुकट ब्लॉग-सेवेवर, करायचं आपण दोघांनी मिळून ठरवलं.

आता ब्लॉगर हे मुळात रोजनिशीसारखं आहे. जे शेवटी लिहिलं ते सगळ्यात वर. प्रयोग कधी आहे हे त्याला कळत नाही, पोस्ट कधी टाकली तेवढंच कळतं. मार्चच्या प्रयोगाचं बुकिंग काल झालं आणि पोस्ट काल पडली, तर मार्चच वर दिसणार. आणि खाली जी "जुन्या पोस्ट" अशी लिंक असते ती मागे नेते. नाटक पाहणाऱ्याला तर पुढे जायचं असतं: आज, उद्या, परवा, पुढचा आठवडा. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच मी पहिल्या पानावर "येणारे प्रयोग" ही वेगळी यादी बसवून दिली होती. ती यादी आधी साइटवरच्या सगळ्या पोस्ट मागवते, प्रत्येकीच्या पहिल्या ओळीतली प्रयोगाची तारीख वाचते, झालेले प्रयोग बाजूला काढते, उरलेले क्रमाने लावते आणि त्यानंतरच दहा-दहाची पानं पाडते. आधी क्रम, मग पानं. उलटं केलं, म्हणजे आधी दहा उचलून तेवढेच क्रमाने लावले, तर प्रत्येक पान आपल्यापुरतं बरोबर दिसतं आणि सगळं मिळून चुकतं. एवढं तरी मला कळतं, भाऊ.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती बाहेरच्या कोणी केली नसती. आपलं नाटक रात्री दहा-अकराला उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. साधी यादी असती तर फोनच्या घड्याळात बारा वाजले की तारीख बदलली आणि प्रयोग "झाला" म्हणून निघून गेला असता. इकडे पहिला अंक संपलेला नाही, लोक अजून गाडीवर रस्त्यात आहेत, आणि साइट म्हणते प्रयोग नाही! म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत प्रयोगाचं नाव यादीत ठेवलं आहे. याबद्दल तुम्ही रिव्ह्यूत एक शब्द लिहिला नाही.

दसऱ्याला साइट तुमच्या हाती दिली तेव्हा यादी क्रमाने होती. तुम्हीच आरमोरीच्या पाहुण्यांना फोनवर दाखवली होती. मग मार्चचा प्रयोग वर कसा आला?

दिवाळीनंतर तुमच्या भाच्याने पहिल्या पानावरून ती यादी काढली आणि तिथं साध्या पोस्ट आणल्या, हँडबिलांचे मोठे फोटो दिसावेत म्हणून. पोरगा हुशार आहे, त्याला बोल लावत नाही, त्याचा हेतू चांगलाच होता. पण यादी निघाली की ब्लॉगर आपल्या मूळ सवयीवर येतं. त्यात एकेका पोस्टमध्ये चार-चार जड फोटो. पान फार जड झालं की ब्लॉगर आपणहून पोस्ट कमी करतं, २०१० पासून त्याची तीच पद्धत आहे. म्हणून दहा सांगूनही चारच दिसायला लागल्या आणि परवाचा प्रयोग तिसऱ्या पानावर गेला.

ते पाहून कोणीतरी प्रयोग क्रमाने यावेत म्हणून पोस्टच्या तारखाच बदलल्या. पोस्टची तारीख म्हणजे प्रयोगाची तारीख, असं धरून पोस्ट ड्राफ्टमध्ये परत घेतल्या आणि पुढच्या तारखा टाकून पुन्हा प्रसिद्ध करायला लावल्या. अशी पुढची तारीख दिली की ब्लॉगर समजतो, ही पोस्ट त्या दिवशी प्रसिद्ध करायची आहे. तोवर ती लपवून ठेवतो. तुमचे प्रयोग "गायब" झाले ते असे. ज्या दिवशी नाटक, त्याच दिवशी त्याची जाहिरात दिसायला लागली. सिंदेवाहीकडच्या लोकांनी तुम्हाला प्रयोग रद्द झाला का म्हणून विचारलं, ते मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं. वाईट वाटलं. पण त्या तारखा माझ्या दुकानातून बदललेल्या नाहीत.

आणि तारीख "साधी" म्हणता, तर तुमच्याकडून तारखा कशा यायच्या तेही लोकांना कळू द्या. ठरलं होतं की पहिल्या ओळीत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, इंग्रजी आकड्यांत लिहायचं. पाच डिसेंबर असेल तर 2025-12-05 या क्रमाने. मी कागदावर लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात एका पोस्टमध्ये मराठी आकडे, दुसरीत "५ डिसें.", तिसरीत नुसतं "शुक्रवारी रात्री ठीक १० वाजता". कोणता शुक्रवार? गावातल्या माणसाला हँडबिल हातात पडलं की कळतं, मशीनला कुठून कळणार? मराठी आकडे आपल्याला दिसतात, पण ब्राउझरमधला कोड ते संख्या म्हणून धरत नाही. मग त्या प्रयोगाला तारीखच नाही असं होतं, आणि ज्याला तारीख नाही त्याला रांगेत जागा कुठे द्यायची?

सगळ्यात जास्त घोळ केला तो "दि. ५/१ रोज सोमवार" असल्या ओळींनी. वर्ष नाही. आपला हंगाम दिवाळीत सुरू होतो आणि मधेच वर्ष बदलतं. वर्ष लिहिलं नाही आणि कोडने चालू वर्ष धरलं, तर डिसेंबरमध्ये बसून पाहणाऱ्याला ५ जानेवारी म्हणजे केव्हाच होऊन गेलेला दिवस. प्रयोग यादीबाहेर. नुसत्या महिन्याच्या आकड्यावर लावलं तर जानेवारी नोव्हेंबरच्याही आधी येतो. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांना ही अडचण फारशी येत नसेल, तिथे बाराही महिने नाटक आहे. आपल्याकडे अर्धा हंगाम एका वर्षात आणि अर्धा दुसऱ्या. म्हणूनच वर्ष लिहा म्हणून मी इतका मागे लागलो होतो. तुम्हाला ती कटकट वाटली असेल.

शंकरपटाचंही (बैलांच्या शर्यतीचंही) तेच. पट पुढे ढकलला की त्या रात्रीचं नाटकही पुढे जातं. फोनवर "दोन दिवस पुढे घ्या" म्हणून सांगितलं आणि पोस्टमधली पहिली ओळ तशीच राहिली, तर यादी जुनीच तारीख दाखवणार.

आता फोन. तुम्ही फोन केले तेव्हा धानाची मळणी सुरू होती आणि शेतात रेंज नाही. रात्री घरी येऊन मी परत फोन लावला होता, तेव्हा तुम्ही कुठल्यातरी प्रयोगाला होता, आवाजात काही ऐकू येत नव्हतं. याला फोन न उचलणं म्हणायचं असेल तर म्हणा.

सात हजारांत डोमेनचं वर्षाचं भाडं आहे, यादीचा कोड आहे, गेल्या हंगामाची सगळी हँडबिलं टाईप करून चढवली ती मेहनत आहे. नागपूरला विचारून पाहा.

हे सगळं इतक्या लांबणीने लिहायचं कारण सांगतो. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून एका मंडई समितीचं ठरत आलेलं काम थांबलं. ते लोक दुकानात आले, मोबाईलवर तुमच्या ओळी दाखवल्या आणि "पाहून सांगतो" म्हणून उठले. तुमच्यासारख्या जुन्या माणसाचा शब्द या भागात चालतो. तुमचा एक स्टार माझ्यासाठी लहान गोष्ट नाही. तुम्ही दुकानात येऊन दोन शब्द रागाने बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं, चहा पाजला असता आणि तिथल्या तिथे दुरुस्त करून दिलं असतं.

तरी काम अर्धवट सोडणाऱ्यांतला मी नाही. "येणारे प्रयोग" ही यादी परत पहिल्या पानावर बसवतो. मराठी आकडेही वाचता येतील असं काहीतरी करून देतो, आणि तारीख लिहायच्या ऐवजी कॅलेंडरवरून निवडता येईल का तेही बघतो. फोटोंसाठी "पुढे वाचा" लावून पान हलकं करू. याचे वेगळे पैसे घेणार नाही. लपलेल्या पोस्ट मोकळ्या करायला मात्र लॉगिन लागेल, पासवर्ड तुम्ही मधे बदलला आहे.

भाच्याला बाजाराच्या दिवशी दुपारी दुकानात पाठवा, हाताशी असतील तेवढी हँडबिलं घेऊन. आणि तोपर्यंत कोणत्याही पोस्टच्या तारखेला कृपा करून हात लावू नका.

तुमचाच,
दुकानमालक, वडसा