वार्धक्य केवळ जनुकांवर ठरते, या दाव्याबाबत खुलासा

‘म्हातारपण जनुकांतच लिहिलेले असते, हवा, ऊन किंवा धूर यांनी त्यात काहीच फरक पडत नाही’ असा मजकूर सध्या समाजमाध्यमांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे आणि लोकांना निष्काळजी बनवणारा असल्याने त्याचे खंडन आवश्यक वाटते.

डेन्मार्कमधील जुळ्यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयुर्मानातील फरकांपैकी सुमारे एक चतुर्थांश फरकच आनुवंशिकतेशी जोडता आला. उरलेला सगळा वाटा प्रदूषणाचा, असा मात्र त्याचा अर्थ नाही. त्यात राहणीमान, आजारपणे आणि निव्वळ योगायोगही येतात.

उन्हाचा परिणाम तर डोळ्यांनी दिसतो. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र छापून आले. २८ वर्षे खिडकीकडे राहिलेल्या डाव्या गालाची त्वचा जाड आणि खोल सुरकुत्यांची झाली होती, तर उजवा गाल त्या मानाने नितळ होता. जनुके दोन्ही गालांना एकच. खिडकीची साधी काच उन्हातील अतिनील किरणांपैकी अतिनील-ब प्रकारचे किरण बहुतांशी अडवते, पण त्वचेवर सुरकुत्या आणणारे अतिनील-अ किरण बऱ्याच प्रमाणात आत येऊ देते.

प्रदूषणातून शरीरात जाणाऱ्या शिसे या विषारी धातूचे वर्तन अधिक चिंताजनक आहे. ते हाडांत दशकानुदशके साठून राहते आणि उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरते. बाहेरील हवेच्या प्रदूषणाला तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे.

हा मजकूर ज्यांनी पुढे पाठवला असेल, त्यांनी हा खुलासाही त्याच व्यक्तींपर्यंत पोहोचवावा, ही कळकळीची विनंती.