धूळ खावी कशी

सर्वांत आधी दिल्लीचं नाव घ्यायला शिका. कोणी हवेबद्दल कुरकुर केली, की लगेच म्हणायचं, ‘दिल्लीत बघा काय चाललंय ते!’ मुंबईकराच्या फुप्फुसांना याहून गुणकारी औषध अजून निघालेलं नाही. तेवढ्यावर समोरचा गप्प बसला नाही, तर समुद्राकडे बोट दाखवा. ‘आपल्याला वारा आहे हो, सगळं वाहून जातं.’ जातं, नाही कोण म्हणतंय? हिवाळ्यात मात्र समुद्रावरचं वारं उशिरा सुटतं, थंड हवा खाली बसून राहते आणि रात्रीचा धूर दुपारपर्यंत मुक्काम ठोकतो. पण हे चारचौघांत बोलू नका, बैठकीचा रंग जातो.

मग वेळ साधा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहा-सातला समोरचा टॉवर अर्धा गायब असतो आणि आपण कौतुकानं म्हणतो, ‘काय धुकं पडलंय, अगदी महाबळेश्वर!’ नेमकं तेव्हाच बूट चढवून निघा. रस्ता असा निवडा की एका हाताला बस, दुसऱ्या हाताला टेम्पो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. धावायला लागला की दहापट सहज ओढतो, आणि तीही तोंडानं, म्हणजे नाकाची कटकटच मिटली. (रस्त्यापासून आत, एखाद्या बागेत, उन्हं वर आल्यावर चाललं तर फायदा होतो म्हणतात. मोह आवरा.)

एडिंबरा आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी असाच एक प्रयोग करून 2007 साली प्रसिद्ध केला. पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या, पण आता ठणठणीत असलेल्या 20 पुरुषांना त्यांनी व्यायामाची सायकल मारायला लावली, एकदा गाळलेल्या हवेत आणि एकदा पातळ केलेल्या डिझेलच्या धुरात. धुरात ईसीजीवर हृदयाची ओढाताण वाढलेली दिसली, आणि गुठळी विरघळवणारं जे द्रव्य रक्तवाहिन्या एरवी सोडतात, त्यातही त्यांनी हात आखडता घेतला. आपल्याकडे हाच प्रयोग मुंबईच्या गजबजलेल्या एलबीएस रोडवर रोज होतो, फक्त ईसीजी काढायला कोणी येत नाही.

आता आत काय जातं ते जरा पाहू. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केसाची जाडी साधारण 50 ते 70 मायक्रॉन. दहा मायक्रॉनचा कण म्हणजे लोकलच्या दारात बोचकं घेऊन चढणारा गडी, नाकाघशातच अडकतो आणि खाकरला की बाहेर. अडीच मायक्रॉनचा कण धक्के खात थेट डब्याच्या मधोमध पोचतो. आणि 0.1 मायक्रॉनच्या खालचा, ज्याला नॅनोकण म्हणतात, तो चौथ्या सीटवर टेकायला जागा नसतानाही कुठून आणि कसा बसला, हे शेजारच्याला कळतसुद्धा नाही. फुप्फुसात तीस कोटींच्या आसपास, किंबहुना जास्तच, वायुकोश असतात. तिथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये एक मायक्रॉनही भरणार नाही एवढा पातळ पडदा. साफसफाई करणाऱ्या पेशी तिथे राखणीला असतात, पण इतका बारीक माल त्यांच्याही नजरेतून सुटतो. मग पडदा ओलांडला, की रक्त.

खात्री हवी असेल तर सोन्याची गोष्ट ऐका. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुन्हा एडिंबराच्याच मंडळींनी स्वयंसेवकांना सोन्याचे नॅनोकण श्वासातून दिले. सोनं निरुपद्रवी आणि शरीरात एरवी नसतं, म्हणून माग काढायला सोपं. पंधरा मिनिटांपासून चोवीस तासांच्या आत ते रक्तात सापडू लागलं. तीन महिन्यांनंतरही रक्तात आणि लघवीत होतंच. ज्यांच्या मानेतल्या धमनीची शस्त्रक्रिया व्हायची होती, त्यांच्या धमनीतून काढलेल्या चरबीच्या थरातही सोनं निघालं. म्हणजे रक्तवाहिनी जिथे आधीच सुजलेली, नेमकी तिथेच भरती. आपण सोनं अंगावर घालतो, त्यांच्या ते अंगी लागलं! तुमच्या नशिबी सोनं नाही. डिझेलच्या काजळीवर चिकटलेले धातू आणि अर्धवट जळलेलं तेल यांवर भागवा.

एकदा आत गेल्यावर तुम्हाला काहीच करावं लागत नाही, हा या छंदाचा मोठा गुण. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यानं नळी सैलावते. धुराच्या माऱ्यात ते कमी पडतं आणि नळी आखडते. फुप्फुसातली सूज आपली रसायनं रक्तात सोडते, रक्त गोठायला उतावीळ होतं, चरबीचा साठलेला थर फुटायला आला असेल तर त्याला हातभार लागतो. खोकला मात्र येईलच असं नाही. म्हणून तर चाळिशीतले गृहस्थ छाती ठोकून सांगतात, ‘मला नाही बुवा काही होत.’

या सगळ्यात सरकारी आकडा तुमच्या बाजूनं आहे. हवेतली धूळ आपल्याकडे वजनावर मोजतात. अडीच मायक्रॉनच्या एका कणाचं जेवढं वजन, तेवढ्यात 0.1 मायक्रॉनचे 15,625 कण बसतात. तेव्हा नॅनोकण कितीही आले, तरी काटा जेमतेम हलतो, आणि हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकात त्यांचा वेगळा रकानाच नाही. शिवाय आपली प्रतवारी मोठ्या मनाची. अडीच मायक्रॉनखालची धूळ दिवसाला घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅमपर्यंत असली, तरी हवा ‘समाधानकारक’. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली हाच आकडा 15 धरला. त्यांचं समाधान कशात आहे कोण जाणे. आपण चौपट समाधानी.

दिसणाऱ्या धुळीची मात्र जरूर दखल घ्या. आमच्या शेजारची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आहे. महापालिकेच्या 2023च्या नियमांप्रमाणे लहान प्लॉटला 25 फुटी, मोठ्याला 35 फुटी पत्रे, वर हिरवं कापड, गेटवर चाकं धुवायची सोय. पत्रे ठोकले आहेत, त्यावर स्विमिंग पूलचं चित्र आहे. चाकं धुवायच्या खड्ड्यात सिमेंटचा लगदा वाळून असा घट्ट झाला आहे, की मिक्सर त्यावरून स्पीडब्रेकरवरून जावा तसा उडी मारून जातो. साहेब यायचे असले की एक पोरगा पाइप धरून रस्ता भिजवतो. साहेब गेले की पाइप गुंडाळतो, तोंडावरचा गमछा सारखा करतो आणि दिवसभर त्याच धुळीत उभा राहतो. या खेळात सगळ्यात जास्त कमावणारा तोच, पण त्याला कोणी सल्ला विचारत नाही.

रस्ता भिजला की सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी टाका. नॅनोकण मुख्यतः जळण्यातून येतात, इंजिनातून, कचऱ्याच्या शेकोटीतून, भट्टीतून, आणि ते पाण्याच्या फवाऱ्याला जुमानत नाहीत, ही माहिती तिथे टाकू नका. 2025च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं. अशा वेळी ‘मग कडक पावाला ती चव राहील का?’ एवढीच चिंता वाहा.

बाहेर पडणं जमत नसेल तर घरबसल्याही सोय आहे. मच्छर कॉइल लावा आणि खिडक्या घट्ट लावून झोपा. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असं 2003 साली मोजलेलं आहे. बाबा पाकीट चोरून ओढत असतील तर त्यांना चार शब्द सुनवा, मग कॉइलची एकमेकींत गुंतलेली जोडी हलक्या हातानं सोडवा, एक तुकडासुद्धा वाया जाता कामा नये.

मास्क वापरावाच लागला तर हनुवटीवर. एन-95 नाकावर घट्ट बसवलात तर नॅनोकणसुद्धा अडतात. ते इतके हलके की सरळ जातच नाहीत, हवेच्या रेणूंचे टोले खात भेलकांडतात आणि मास्कच्या धाग्यांना चिकटतात. तेव्हा तो मोह नकोच. कापडी रुमाल पुरे, चेहऱ्याला शोभतोही.

शेवटी कागदपत्रांचं. लंडनमध्ये 2013 साली दम्यानं गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या कारणांत 2020 साली हवेच्या प्रदूषणाची अधिकृत नोंद झाली. असली थेरं आपल्याकडे नाहीत. सर्टिफिकेटवर सुटसुटीत ‘हृदयविकार’ येईल, आणि दिवसकार्याला आलेले लोक चहाचा कप हातात घेऊन एकमेकांना सांगतील, ‘कसलं व्यसन नव्हतं हो, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. रोज सकाळी सहाला फिरायला जायचे, एक दिवस चुकवला नाही.’