‘डोकं परदेशात, हात इथे’ : मल्टिनॅशनल कंपन्यांवरचा तो मेसेज वाचून

गेल्या काही आठवड्यात माझ्याकडे चार ग्रुपवर एकच मेसेज आलाय. थोडक्यात असा, की मल्टिनॅशनल कंपनी म्हणजे ऑक्टोपस, डोकं परदेशात आणि हात इथे. इथली कंपनी म्हणजे नुसती ब्रँच. सगळे निर्णय हेड ऑफिसात होतात, एकेका माणसावर दोन-दोन बॉस ठेवतात ते फोडा आणि राज्य करा म्हणून, सगळा नफा रॉयल्टीच्या (म्हणजे ब्रँड-तंत्रज्ञान वापरायच्या फीच्या) नावाखाली बाहेर जातो, मालक आणि इथली कंपनी यांच्या मधल्या मॉरिशस-नेदरलँड्सच्या कंपन्या म्हणजे उघड चोरी, आपल्या माणसाला वर जाऊ देत नाहीत. आणि शेवटची ओळ, ‘यांच्यापुढे सामान्य माणूस काहीही करू शकत नाही.’

मी सोडून दिलं असतं. पण मागच्या महिन्यात भोसरीतले एक ओळखीचे वर्कशॉपवाले काका भेटले, टर्निंगचे जॉब करतात, एका परदेशी ग्रुपच्या इथल्या कंपनीकडे त्यांचे ६ लाख ४० हजार सात महिने अडकले होते. मी विचारलं, तक्रार केली का, तर म्हणाले, "जाऊ दे भाऊ, मालक बसलाय जर्मनीत, आपण कुणाच्या दारात जायचं?" आणि खिशातून फोन काढून मला हाच मेसेज दाखवला. तेव्हा ठरवलं की लिहायचं. मी १४ वर्षं कंपनी अकाउंट्समधे आहे, त्यातली ९ एका युरोपियन ग्रुपच्या पुण्यातल्या कंपनीत, त्यामुळे हे सगळं रोज हाताखालून जातं.

आधी ते ‘नुसती ब्रँच’ घेऊ, कारण काकांचं नुकसान त्याच शब्दानं केलंय. मी त्यांना म्हटलं पर्चेस ऑर्डर दाखवा. वर मोठा लोगो, खाली बारीक अक्षरात ‘इंडिया प्रायव्हेट लिमिटेड’, पुण्याचा पत्ता, २७ ने (म्हणजे महाराष्ट्राच्या कोडनं) सुरू होणारा जीएसटी नंबर आणि २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक. हा सीआयएन वाचता येतो. पहिलं अक्षर एल असेल तर कंपनी शेअर बाजारात लिस्टेड, यू असेल तर नाही, पुढे मधे राज्याची दोन अक्षरं आणि नोंदणीचं वर्ष, आणि त्यानंतर एफटीसी लिहिलं असेल तर परदेशी कंपनीची प्रायव्हेट सबसिडिअरी, म्हणजे तिच्या ताब्यातली पण इथे वेगळी नोंदलेली कंपनी. हिंदुस्तान युनिलिव्हरचा सीआयएन बघा, एलने सुरू होतो आणि मधे एमएच १९३३ आहे. म्हणजे कंपनी महाराष्ट्रात नोंदलेली आणि नोंदणी १९३३ सालची. काकांच्या ऑर्डरवर यू होता आणि एफटीसी होतं. जर्मनीचा त्या कागदावर कुठे उल्लेखही नव्हता, पैसे देणं लागत होती ती पुण्यात नोंदलेली भारतीय कंपनी.

ब्रँच म्हणजे ती परदेशी कंपनी स्वतःच, इथे फक्त ऑफिस थाटलेलं. त्याला रिझर्व्ह बँकेच्या नियमांची चौकट लागते, आणि ब्रँचला सहसा इथे कारखाना काढता येत नाही. टॅक्सही जास्त, परदेशी कंपनीला मूळ दर ३५ टक्के (२०२४ च्या बजेटआधी ४० होता) आणि इथल्या कंपनीला नवीन पर्यायात २२, सरचार्ज-सेस धरून साधारण २५. त्यामुळे चाकण-रांजणगावला कारखाना टाकणारा कुणीही इथे वेगळी कंपनी काढूनच येतो. खरोखर ब्रँच म्हणून चालतात त्या बऱ्याचशा परदेशी बँका, आणि त्यातही सिंगापूरच्या डीबीएसनं २०१९ मधे इथे वेगळी कंपनी केलीच. शिवाय १९७३ च्या फेरा (परकीय चलनाच्या) कायद्यानं बहुतेक परदेशी कंपन्यांना हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला लावला, कोकाकोला आणि आयबीएम त्या काळात निघून गेल्या, ज्या थांबल्या त्यातल्या बऱ्याच कंपन्यांनी शेअर इथल्या लोकांना विकले. लिव्हरनं (आजची हिंदुस्तान युनिलिव्हर) तर त्याच्याही आधी, १९५६ मधेच १० टक्के भाग भारतीय लोकांना दिला होता. आज युनिलिव्हरकडे हिंदुस्तान युनिलिव्हरचा साधारण ६२ टक्के हिस्सा आहे, बाकीचा बाहेरच्या शेअरहोल्डरांकडे.

आता इथेच एक गोष्ट बोलायला पाहिजे, मेसेजमधे ती नाही, पण लोकांच्या रागामागे सगळ्यात खरं कारण तेच आहे. भोपाळ. तो कारखाना युनियन कार्बाइड इंडिया या भारतीय कंपनीचा होता आणि तिच्यात अमेरिकन युनियन कार्बाइडचा हिस्सा ५०.९ टक्के. १९८४ नंतर मूळ कंपनीनं हीच भूमिका घेतली की ती कंपनी वेगळी, तिचा कारभार वेगळा, जबाबदारी आमच्यावर येत नाही. १९८६ मधे न्यूयॉर्कच्या कोर्टानं खटला भारतात पाठवून दिला आणि १९८९ मधे ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. हजारो माणसं गेलेली, आजारपण पुढच्या पिढीत गेलेलं, आणि हिशोब तिथे बंद केला. त्यामुळे ‘वेगळी कंपनी’ हे काही फार सुंदर आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. पण ज्याला ती ‘नुसती ब्रँच’ वाटते त्याला भोपाळमधे काय झालं हेही कळणार नाही, कारण तिथे मूळ कंपनी हात वर करू शकली ती इथली कंपनी ब्रँच नव्हती म्हणूनच.

‘सगळे निर्णय हेड ऑफिसात.’ काही होतात, खरंय. ब्रँडचं नाव, प्रॉडक्टचं डिझाइन, सेफ्टीचे नियम, मोठी खरेदी, मोठं कर्ज, हे वरूनच येतं. आमच्याकडे कुणी किती रकमेवर सही करायची याचा तक्ताच आहे, त्याला डीओए म्हणतात. एका ठरलेल्या रकमेपर्यंतचं मशीन असेल तर आमच्या एमडींची सही पुरते, त्याच्या वर गेलं की डिव्हिजनकडे (ग्रुपचा प्रॉडक्ट विभाग), आणि फार मोठं असेल तर ग्रुपच्या बोर्डाकडे. पण कुठल्या डीलरला किती उधारी द्यायची, चाकणच्या कस्टमरला काय रेट लावायचा, कुणाला नोकरीवर घ्यायचं, कॅन्टीनचं कंत्राट कुणाला, हे विचारायला कुणी युरोपात फोन करत नाही. ८० च्या दशकात निरमानं लिव्हरला घाम फोडला तेव्हा त्यावर उत्तर म्हणून स्वस्तातली व्हील पावडर काढली ती इथल्या लोकांनी, इथली बाजारपेठ बघून, आणि पुढे त्याच धर्तीवर युनिलिव्हरनं ब्राझीलमधे गरीब भागासाठी आला नावाची पावडर आणली. म्हणजे आयडिया इकडून तिकडे गेली.

दुसरं म्हणजे सगळ्या कंपन्यांची एकच रचना असते आणि ती कायम तशीच राहते हेही चूक. स्वीडनची आसिया आणि स्वित्झर्लंडची ब्राउन बोव्हेरी १९८८ मधे एकत्र येऊन एबीबी झाली, तिचे प्रमुख पर्सी बार्नेविक यांनी कंपनी इतकी फोडली की सुमारे १३०० छोट्या कंपन्या आणि ५००० नफा-केंद्रं झाली, माणसं २ लाखांवर, आणि झुरिकच्या हेड ऑफिसात शे-दीडशे लोक. शे-दीडशे लोक २ लाख माणसांचे सगळे निर्णय कसे घेणार? प्रॉक्टर अँड गॅम्बलनं १९९९ मधे उलटी दिशा धरली, देशांच्या मॅनेजरकडची सत्ता काढून जागतिक प्रॉडक्ट गटांकडे दिली, ते इतकं घाईत झालं की सीईओ डर्क यागर यांना जेमतेम दीड वर्षात जावं लागलं. युनिलिव्हरनंही २०२२ मधे जुनी मॅट्रिक्स (एकाच माणसावर देशाचा आणि प्रॉडक्टचा असे दोन बॉस असलेली रचना) मोडून पाच बिझनेस ग्रुप केले, आणि त्यातलं आइस्क्रीम तर आता वेगळीच कंपनी झालीये. देशाच्या मॅनेजरला ताकद दिली की जो तो आपलंच बघतो आणि खर्च वाढतो, प्रॉडक्टवाल्याला दिली की इथल्या गिऱ्हाइकाची नस सुटते, म्हणून हे दर दहा-पंधरा वर्षांनी इकडून तिकडे जात राहतं.

दोन बॉसच्या मुद्द्यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण हे मी भोगलंय. माझी सॉलिड लाइन आमच्या एमडींकडे आणि डॉटेड लाइन ग्रुप फायनान्सकडे, म्हणजे पगारवाढ एमडी ठरवतात पण अप्रेझलमधे तिकडचंही मत लागतं. २०२१ च्या पावसाळ्यात कास्टिंगचा (ओतीव भागांचा) तुटवडा होता आणि आमच्याकडे ४०० हाउसिंग (यंत्राची बाहेरची खोळ) तयार झाली होती. एमडींनी चाकणच्या कस्टमरला शब्द दिलेला, त्याची लाइन थांबणार होती. आणि डिव्हिजनच्या प्लॅनरला तीच ४०० ब्राझीलच्या प्लँटला हवी होती, तिथलीही लाइन थांबणार होती. दुपारी एमडी मला विचारायचे, इथे विकलं तर मार्जिन किती, संध्याकाळी साडेसातच्या कॉलवर प्लॅनर विचारायची, तिकडे पाठवलं तर ग्रुपला किती सुटतात, आणि दोन्ही उत्तरं खरी होती. माल नऊ दिवस डिस्पॅचला पडून होता, ऑइल लावून, प्लॅस्टिकमधे गुंडाळून, आणि येता-जाता शिफ्टवाले विचारायचे याचं करायचं काय. शेवटी २५० इथे आणि १५० तिकडे गेली. यात कुणी कुणाला फोडत नव्हतं, कुणी कुणावर नजर ठेवत नव्हतं. एकाच मालावर दोन खरे हक्क होते आणि ते कुठेतरी एका टेबलावर भिडायलाच हवे होते, मॅट्रिक्सचा हेतूच तो आहे. नऊ दिवस लागले हा तिचा दोष, आणि तो मोठा आहे, एबीबीनंसुद्धा आपली प्रसिद्ध मॅट्रिक्स १९९८ मधे मोडली ती उगाच नाही.

रॉयल्टी. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. हिंदुस्तान युनिलिव्हरनं जानेवारी २०२३ मधे जाहीर केलं की मूळ कंपनीला जाणारी रॉयल्टी आणि सेवांची फी विक्रीच्या २.६५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्यानं ३.४५ टक्के होणार, आणि शेअर पडला, लोक चिडले, चिडायलाच हवं होतं. पण ‘सगळा नफा’ हे चूक. डिव्हिडंडचे १०० रुपये वाटले तर साधारण ३८ युनिलिव्हरच्या बाहेर जातात, शिवाय इथला टॅक्स त्याच्या आधीच कापलेला असतो. आणि ‘कुणी काही करू शकत नाही’ याला तर सरळ उत्तर आहे. २०२४ मधे नेस्ले इंडियानं रॉयल्टी ४.५ वरून पाच वर्षांत ५.२५ टक्क्यांवर न्यायचा ठराव मांडला. असल्या ठरावात मूळ कंपनीला स्वतःच्या फायद्यासाठी मत देता येत नाही, मत बाकीच्या शेअरहोल्डरांचं. निम्म्याहून जास्त मतं विरोधात पडली आणि ठराव पडला. रॉयल्टी ४.५ वरच राहिली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं आणि ते कुठल्याही फॉरवर्डमधे येत नाही याचं वाईट वाटतं.

मात्र लिस्टेड नसलेल्या, १०० टक्के परदेशी मालकीच्या कंपनीत असं मत देणारं कुणी नसतं. तिथे राखण करतो तो इन्कम टॅक्सचा ट्रान्सफर प्रायसिंगवाला अधिकारी. २००१ पासूनचा नियम असा की ग्रुपमधल्या दोन कंपन्यांनी एकमेकींना माल किंवा सेवा द्यायची तर तिऱ्हाइताला लावाल तोच भाव लावा, आणि ते कागदावर सिद्ध करा. ऑक्टोबर आला की आमच्याकडे ३सीईबी फॉर्मसाठी रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात ते यासाठीच. आमच्यासारख्या दुसऱ्या कंपन्या किती मार्जिन कमावतात हे शोधून ठेवावं लागतं, आणि अधिकाऱ्याला पटलं नाही तर टॅक्स वाढतो.

मॉरिशस-नेदरलँड्सचं थोडक्यात. २००७ मधे व्होडाफोननं मुंबईची मोबाइल कंपनी हचिसन एस्सार ११ अब्ज डॉलरच्या आसपास घेतली, ती केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर विकत घेऊन, आणि घेणारी कंपनी नेदरलँड्सची. भारतानं टॅक्स मागितला, मुंबई हायकोर्टात सरकार जिंकलं, सुप्रीम कोर्टात २०१२ मधे हरलं, मग सरकारनं मागच्या तारखेपासून कायदा बदलला आणि २०२१ मधे तो मागे घेतला. टॅक्स वाचवण्यासाठी अशा कंपन्या काढतात हे खरंच आहे आणि मला ते आवडत नाही, मॉरिशसबरोबरचा करारही २०१६ मधे बदलावा लागला. पण मधली कंपनी दिसली की चोरी, असं म्हणायचं तर टाटा मोटर्सनंही २००८ मधे जग्वार लँड रोव्हर फोर्डकडून घेतल्यावर ती सिंगापूरच्या होल्डिंग कंपनीमार्फत (जिचं काम फक्त दुसऱ्या कंपन्यांचे शेअर धरून ठेवणं) ठेवली. वेगवेगळ्या देशातला धंदा एका जागी बांधायला, कर्ज काढायला, पुढे विकायला ते सोयीचं पडतं.

आपल्या माणसाला वर जाऊ देत नाहीत, याला दोन ओळी पुरेत. प्रकाश टंडन १९६१ मधेच हिंदुस्तान लिव्हरचे चेअरमन झाले. कोल्हापूरच्या लीना नायर, सांगलीच्या वालचंदमधून इंजिनिअर झालेल्या, युनिलिव्हरच्या जगभराच्या एचआर प्रमुख होत्या आणि २०२२ पासून शनेलच्या सीईओ आहेत.

आता काका. त्यांची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधीपासूनची होती. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं मायक्रो आणि स्मॉल पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. आम्ही दोघांनी एका रविवारी बसून ऑर्डर, चलन, बिलं स्कॅन केली, कंपनीचं नाव ऑर्डरवर आहे तस्संच टाइप केलं, ‘इंडिया प्रायव्हेट लिमिटेड’ सकट, आणि ऑनलाइन तक्रार टाकली. तीन आठवड्यांनी त्यांच्या पर्चेसवाल्याचा फोन आला, मग अकाउंट्सचा, आणि मुद्दल जमा झालं. व्याजाची तारीख याच कायद्याखालच्या कौन्सिलपुढे लागलीये, काका सगळी मूळ चलनं फाइलमधे लावून बसलेत.